दारापर्यंत मोफत

३ जानेवारी

पोचले एकदाची. चौथा मजला, लिफ्ट नाही, आणि जिन्याच्या पायऱ्या अशा, की बांधणाऱ्याने प्रत्येक पायरी वेगळ्या दिवशी वेगळ्या मनःस्थितीत घातली असावी. धाकटी बहीण कठड्यावरून ओणवून ओरडत होती, ताई, दमलीस तर बस गं मध्ये. मी खालूनच सांगितलं, दमले तर कळवीन, तोवर चहा टाक.

खोली मनासारखी आहे. पूर्वेची खिडकी, भिंतीतलं कपाट, आणि लिहायला खरंखुरं टेबल. मुलाकडे मी इस्त्रीच्या फळीवर लिहायचे. ह्या वहीचा कागद जरा खरबरीत आहे, त्यावर पेन्सिल करकरते, ते मला फार आवडतं. जन्मभर टायपिंगचा क्लास चालवला. मुकं काम मला काम वाटतच नाही.

मेहुणे गेल्यापासून धाकटीचा रोज फोन असायचा, ये ना कायमची, दोघी राहू. मी निघते म्हटल्यावर मुलाने आणि सूनबाईंनी माझं सामान इतक्या तत्परतेने बांधलं, की त्यात माझा कंगवासुद्धा गेला आणि मला दोन दिवस विंचरायची पंचाईत. संध्याकाळपर्यंत माझ्या तिथल्या खोलीत नातवाचा पलंग आला होता. असो. इतक्या आग्रहाने मला आयुष्यात कुणी बोलावलं नव्हतं. आज धाकटी माझे पाय चेपायला बसली तेव्हा मी तिला झिडकारलं खरं, पण पाय काही ओढून घेतले नाहीत.

६ जानेवारी

घराची घडी कळली. धाकटी सकाळी कामं उरकते, आणि जेवण झालं की दिवाणावर पाय वर घेऊन फोनमध्ये मान घालते ती दिवे लागेपर्यंत. आज मी विचारलं, एवढं काय अंडं उबवतेस? तर लाजून दाखवलं. एक खेळ आहे. पिवळा चौकोन, त्याला दोन डोळे. तो आपला आपण धावत असतो. वाटेत ओटे, खड्डे, खिळे. गाण्याच्या ठेक्यावर काचेला बोट लावलं की तो उडी मारतो. ठेका चुकला की फुटतो, आणि पहिल्यापासून सुरुवात. बस, एवढंच.

मी हसले, तर तिने माझा फोन ओढून त्यातही घातला. मध्ये काहीबाही विचारत होता, हे चालेल का, ते ऐकू का, आणि ती भराभर हो, हो, हो दाबत होती. माझा चष्मा आत राहिला होता. म्हटलं, अगं, वाचून तरी बघ. तर म्हणाली, ताई, ह्यात वाचण्यासारखं काही नसतं, सगळ्याला हो म्हणायचं असतं. फुकट आहे ना!

विजेच्या बिलाची मागची बाजूसुद्धा वाचणारी बाई मी. पण तिचा उत्साह बघून गप्प बसले.

९ जानेवारी

लाज वाटते लिहायला, पण दुपारभर खेळले.

मजा कशात आहे ते आता कळलं. विचार करावा लागत नाही आणि आळसही चालत नाही. फक्त तो क्षण गाठायचा. आणि पडलं की कुणी बोलत नाही. सूनबाई असत्या तर सुस्कारा टाकला असता. हा चौकोन बिचारा निमूटपणे पुन्हा धावू लागतो. इतका समंजस जीव ह्या वयात भेटला.

धाकटी थक्क झाली, कारण मी डोळे मिटून खेळते. अक्षरांकडे न बघता टाइप करायला शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. टेबलावर लाकडी पट्टीने ठेका द्यायचा आणि अख्ख्या क्लासची बोटं एका वेळी पडायची. ती पट्टी अजून माझ्याजवळ आहे. ठेका मात्र त्याच्याही आधीचा, कॉन्व्हेंटमधला. पियानोवाल्या मदर टाळ्यांची कवायत घ्यायच्या. एक लांब टाळी, मग दोन लागोपाठ. धाकटीची त्या जोडीतली दुसरी टाळी कायम उशिरा. सगळ्या मुली थांबल्या, की तिची एकटीची टाळी वाजायची. मदर तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघायच्या, जणू मीच तिला तसं जन्माला घातलं. मग मधल्या सुट्टीत मी तिचा हात धरून, एक-दोन, एक-दोन. नाही म्हणजे नाहीच जमलं कधी.

१४ जानेवारी

फुकटाच्या मर्यादा दिसू लागल्या. खेळाच्या मोजक्याच पायऱ्या (लेव्हल म्हणतात त्यांना) दिल्या आहेत, पुढच्यांवर कुलपं. गाणी तीच ती. जरा रंग चढला की मध्येच जाहिरात. दात पांढरे करा, कर्ज घ्या, पोट आत घ्या. चार-पाचदा पडलं की आपले प्राण संपतात (तिथला शब्द आहे, माझा नव्हे) आणि आणखी एक लांबलचक जाहिरात बघून ते परत मिळवावे लागतात. तोवर पिवळा चौकोन अर्ध्या उडीत लटकत राहतो.

मी म्हटलं, पुरे झालं, कंटाळा आला. धाकटीचा चेहरा पडला. म्हणाली, ताई, माझ्या फोनमध्ये वेगळ्या पायऱ्या आहेत. एक मला जमतच नाही. तुला जमेल. तुला नक्की जमेल. हे शेवटचं वाक्य तिने दोनदा म्हटलं, आणि माझा हात असा घट्ट धरला की बांगडी रुतली.

१७ जानेवारी

नीट लिहून काढते.

धाकटीच्या फोनमधल्या त्या पायरीला गाणं नाही. चौकोन एक जिना चढतो, आणि ठेका येतो तो असा: एक पाऊल, मग लगेच काठी. पाऊल, काठी. मग थांबून खाकरणं. पुन्हा पाऊल, काठी.

मी डोळे मिटून ऐकत होते, आणि ती चाल ओळखली. हे आमचे मेहुणे. डावा पाय ओढत चालणारे, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर उभं राहून घसा साफ करणारे, आणि वर येऊन काठीने दार ठोकणारे. मी फोन गादीवर टाकला.

धाकटी रडत रडत सांगू लागली. ते असताना ती दुपारी हाच खेळ खेळत बसायची आणि ते बाहेरून चढून यायचे. फोन ऐकत होता म्हणे. ते गेल्यावर एके दिवशी ही पायरी आपोआप उघडली. पण पावलापाठोपाठची काठी तिला साधत नाही. दर वेळी ते दुसऱ्या मजल्यापाशी फुटतात आणि पुन्हा खालून चढू लागतात. वर्षभर, ताई, मी त्यांना वर्षभर जिन्यातच ठेवलंय गं.

मला राग यायला हवा होता. फोन ऐकतो आणि साठवतो, म्हणजे काय? पण समोर सत्तरीला टेकलेली माझी धाकटी बहीण नाक पुसत बसली होती. म्हटलं, उद्या आणते त्यांना वर.

१८ जानेवारी

आणले. दुपारचं ऊन होतं, खालच्या शाळेतून पोरांचा गलका येत होता, भिण्यासारखं काही नव्हतं. डोळे मिटले, पट्टी मांडीवर घेतली आणि खेळले. पहिला मजला, दुसरा, तिसऱ्याचं वळण, खाकरणं. मग दार. काठीने दोनदा ठोकलं.

धाकटी खरोखर उठून दाराकडे गेली.

पडद्यावर लिहून आलं: मोफत भाग दारापर्यंत. पुढे जायचं असेल तर सोबती द्या. खाली हो आणि नाही.

मी म्हटलं, झालं, हा आला मूळ पदावर. फोन तिच्या हातात दिला आणि चहा ठेवायला गेले. परत आले तेव्हा ती हसत होती. वर्षाचं काळवंडलेलं तोंड एकदम उजळलं होतं. मला जवळ घेतलं, ताई, तू आलीस म्हणून झालं सगळं, म्हणाली. चहात दोन चमचे साखर जास्त पडली होती, तरी कौतुकाने प्यायली.

२३ जानेवारी

एक गंमत. धाकटी आज स्वयंपाकघरात माझ्या अंगावर किंचाळली. म्हणे मांजरासारखी मागे येऊन उभी राहिलीस. मी कसली मांजर! माझ्या सपाता तर अशा फटफटतात की मुलाकडे खालचे लोक तक्रार करायचे.

मग खोलीत जाऊन मुद्दाम चालून पाहिलं. आपटून चालले. फरशीवर आवाज नाही. सपाता काढून अनवाणी चालले. नाही. कान गेले म्हणावं, तर शाळेची घंटा स्पष्ट ऐकू येत होती.

२६ जानेवारी

पेन्सिल करकरत नाही. हे वाक्य लिहिताना कान कागदाला लावला. काही नाही.

खालच्या मजल्यावर एक डॉक्टरीणबाई राहतात, तरुण, बोलक्या. त्यांना कान दाखवावेत म्हणून गेले. दार ठोकलं. बोटांची हाडं दुखेपर्यंत ठोकलं. आत त्यांचं फोनवर बोलणं, हसणं ऐकू येत होतं. त्यांनी दार उघडलं नाही. शेवटी घंटी दाबली तेव्हा आल्या. म्हणाल्या, अहो काकू, एवढ्या दमलेल्या का दिसताय, कधीच्या उभ्या आहात? कान तपासले. म्हणाल्या, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.

म्हणजे मी करते त्या कशाचाच आवाज बाहेर येत नाहीये.

२८ जानेवारी

ऐकलं मी.

जेवणानंतर जरा पडले होते. दिवाणखान्यातून सपातांचा आवाज आला. फट, फट, फट. माझी चाल, उजवा पाय जरा जड. उठून गेले. धाकटी दिवाणावर, पाय वर, फोन हातात. चौकोन माझ्या पावलांवर उड्या मारत होता. ती पावलं पार झाल्यावर दाराचं ठोकणं आलं, माझंच, डॉक्टरीणबाईंच्या दारावरचं. मग पेन्सिल.

मी विचारलं, काय दिलंस तू त्याला?

तिने मान वर केली नाही. म्हणाली, सोबती मागितला होता.

माझं नाव दिलंस? मला न विचारता?

तेव्हा जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते. ताई, तू तरी काय करणार होतीस त्या आवाजांचं? तिकडे सगळ्यांना त्यांचा त्रासच होता. आता थोड्याच पायऱ्या राहिल्यात, मग दार उघडेल आणि ते माझ्याशी बोलतील. त्यांचा आवाज विसरत चाललेय मी.

म्हणजे दोघी राहू असं काही नव्हतंच. फोनवरचा तो रोजचा आग्रह, पाय चेपणं, पूर्वेची खिडकी. तिला ठेका साधणारी बाई हवी होती, आणि नंतर देऊन टाकायला एक माणूस. मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. कॉन्व्हेंटमध्ये त्यातल्या एका शब्दासाठी साबणाने तोंड धुतलं असतं.

ती फोन किंचित वर धरून सगळं ऐकवत होती. त्याला.

२९ जानेवारी

आवाज गेला. तोंड उघडतं, ओठ हलतात, नुसता वारा.

शेजारच्या खोलीत माझ्या शिव्यांवर ती उड्या मारते आहे. तीच ती वाक्यं, पुन्हा पुन्हा, पहिल्यापासून. तिथे माझी वाणी किती खणखणीत.

मुलाला लिहून पाठवलं: मला लगेच घेऊन जा. त्याचं उत्तर आलं, हसऱ्या तोंडाचं चित्र. मावशीने सांगितलंय तू खेळात किती रंगलीस ते. पुन्हा लिहिलं, मावशीने मला फसवलं, ये. त्याने लिहिलं, हरलीस वाटतं.

३१ जानेवारी

डॉक्टरीणबाईंना कागदावर लिहून दाखवलं, घसा बसला आहे, छाती तपासा. खरं काय ते लिहिलं असतं तर त्यांनी धाकटीलाच बोलावलं असतं. नळी लावली. हलवली. पुन्हा लावली. मनगट धरलं आणि म्हणाल्या, नाडी तर आहे. नळी झटकून स्वतःच्या छातीला लावून पाहिली, हसल्या, म्हणाल्या, काकू, हिचं काहीतरी बिनसलंय, उद्या दुसरी आणते.

नळीचं काही बिनसलेलं नाही.

वर आले. माझ्या फोनमधला खेळ काढून टाकला. काही फरक नाही. मी तिच्या फोनमध्ये आहे.

१ फेब्रुवारी

दुपार. भिंतीपलीकडून धप्-धप्, धप्-धप्. माझ्या छातीतलं.

दोन उड्या लागोपाठ. जोडी. मदरांच्या टाळ्यांसारखी. तिला न साधणारी, नेमकी ती.

पहिल्यांदा चुकली तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालत होते. छातीत एकदम पोकळी — आणि फरशी गालाला लागली. मग तिकडे पहिल्यापासून सुरू झालं, आणि इकडे मीही.

चारदा. मग प्राण संपले. तिचे. जाहिरात लागली. पांढऱ्या दातांचं ते गाणं मी जमिनीवर पडून ऐकलं, पूर्ण. मध्ये काहीच नव्हतं. छातीत काहीच —

२ फेब्रुवारी

पळून पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पडले. मेहुणे थांबायचे तिथेच. डॉक्टरीणबाईंच्या दाराला कुलूप. ओरडता येत नाही. ती खाली आली, मला बगलेत धरून वर आणलं, पांघरूण घातलं. दुसऱ्या हातात फोन.

कागदावर लिहिलं, थांबव. ती म्हणाली, मध्येच थांबवलं तर तुलाच त्रास होतो ना, बघतेस ना तू.

लिहिलं, मला खेळू दे. माझं मला जमेल. दिला तिने फोन. खरंच दिला. बोट लावलं. चौकोन हलला नाही. पुन्हा, पुन्हा. काचेला माझं बोट कळतच नाही. फुटला. मी —

शुद्धीवर आले तेव्हा ती माझ्या कपाळावर हात फिरवत होती. डोळ्यांत पाणी. ताई, एवढी एकच पायरी राहिलीय गं. मी जमवते. सराव करते.

सराव करते म्हणाली.

३ फेब्रुवारी

सकाळी तिने जेवण भरवलं. केस विंचरले. मग दार लावून घेतलं.

सुरू झालं. आज बरी खेळते आहे. काल जिथे पडली ते ओलांडलं. धप्-धप्. लिहिता येतंय तोवर —

तिला मोजता येत नाही, ऐकून करावं लागतं. कुणीतरी ठेका द्यायला हवा. पट्टी घेतली आहे डाव्या हातात. भिंतीवर मारते आहे. जोरात. चुना उडतो आहे. आवाज नाही —

ती वेग वाढवते आहे. नको. हळू, बाळ. माझ्याकडे बघ. मधल्या सुट्टीत करायचो तसं —

खाकरलं कुणीतरी. दाराबाहेर. ऐकलं तिनेही, ठेका डगमगला तिचा, मला कळलं इथे —

दाराकडे बघू नकोस. माझ्याकडे. टाळी, टाळी. एक-दोन. शाबास. एक-दोन. एक-दोन. एक —